न पाहिलेल्या जगाचा नकाशा

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर बोट फिरवीत तुम्ही क्षणार्धात मुंबईहून लंडनला आणि लंडनहून टोकियोला जाऊन येता. कोणता देश कोठे आहे, कोणत्या समुद्राला कोणता समुद्र मिळतो, हे सारे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की, ज्या काळी असा नकाशा कोणापाशीच नव्हता त्या काळी दूरदेशांची कल्पना लोक कशी करीत असतील, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

प्राचीन ग्रीक लोकांना दूरदेशांची ओढ फार होती. पण त्या देशांविषयीची त्यांची माहिती ऐकीव असे. व्यापारी एक सांगत, खलाशी दुसरे सांगत, लढाईहून परतलेले सैनिक तिसरेच सांगत. भारतात कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या जमिनीतून सोने उकरून काढतात, ही कथा तर ग्रीकांमध्ये शतकानुशतके चालू होती. ह्या गोष्टींपैकी खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ठरवायचे तरी कसे? सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी एका ग्रंथपालाने हे काम अंगावर घेतले. त्याचे नाव एराटोस्थेनीस. तुमच्यापैकी काहींनी हे नाव गणिताच्या तासाला ऐकले असेल. मूळ संख्या शोधण्याची जी ‘चाळणी’ आपण वापरतो, ती ह्याच्याच नावाने ओळखली जाते. परंतु त्याच्या आयुष्यातील मोठे काम वेगळेच होते.

एराटोस्थेनीसचा जन्म इ.स.पू. २७६ च्या सुमारास आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सायरीनी ह्या ग्रीक वसाहतीत झाला. हे ठिकाण आज लिबिया ह्या देशात आहे. त्याच्या लहानपणी तेथे मागस नावाचा राजा राज्य करीत होता. हे नाव लक्षात ठेवण्याचे एक खास कारण आहे. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात दूरच्या यवन राजांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत हा मागस ‘मग’ ह्या नावाने आलेला आहे. म्हणजे ज्या काळी सायरीनीतला हा तरुण जगाचा विचार करू लागला होता, त्याच सुमारास त्याच्या गावच्या राजाचे नाव आपल्याकडील खडकावर कोरले जात होते. दोन्ही देशांना परस्परांची वार्ता होती, पण ती अशी तुटक आणि अंधुक होती.

तरुण वयात तो शिक्षणासाठी अथेन्सला गेला. तेथे त्याने अनेक तत्त्वज्ञांपाशी अध्ययन केले. काव्य, व्याकरण, गणित, ज्योतिष, इतिहास अशा नाना विषयांत त्याची बुद्धी चालत असे. पुढे त्याच्या कीर्तीची वार्ता इजिप्तमधील अलेक्झांड्रिया ह्या नगरीत पोचली. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने वसविलेली ही नगरी त्या वेळी विद्येचे माहेरघर झाली होती. इ.स.पू. २४६ मध्ये गादीवर आलेला तिसरा टॉलेमी राजा मोठा विद्याप्रेमी होता. त्याने एराटोस्थेनीसला बोलावून आपल्या मुलाचा शिक्षक नेमले. पुढे तेथील जगप्रसिद्ध ग्रंथालयाचे प्रमुखपदही त्याच्याकडे आले.

ह्या ग्रंथालयाची थोडी हकीकत सांगावयास हवी. त्या वेळी पुस्तके म्हणजे पपायरस ह्या लव्हाळ्यापासून केलेल्या लांबच लांब पट्ट्यांच्या गुंडाळ्या असत. अशा असंख्य गुंडाळ्या तेथे जमविलेल्या होत्या. गेलेन नावाच्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवले आहे की, अलेक्झांड्रियाच्या बंदरात कोणतेही जहाज आले की राजाच्या आज्ञेने त्यावरील पुस्तके उतरवून घेत, त्यांच्या नकला करीत आणि मूळ प्रत ठेवून घेऊन मालकाला नक्कल परत देत. ग्रंथसंग्रहाची ही रीत काही सरळ म्हणता येणार नाही! परंतु तिच्यामुळे देशोदेशीची प्रवासवर्णने, मोहिमांचे वृत्तान्त आणि वाटेच्या अंतरांच्या नोंदी एका छताखाली आल्या. एवढी सामग्री त्यापूर्वी कोणा एका माणसाच्या हाताशी क्वचितच आली असेल.

एराटोस्थेनीसचे सहाध्यायी आणि टीकाकार त्याला ‘बीटा’ म्हणत. बीटा हे ग्रीक वर्णमालेतील दुसरे अक्षर. प्रत्येक विषयात ह्याचा क्रमांक दुसरा, पहिला कोणत्याच विषयात नाही, असा त्या नावाचा रोख होता. थोर गणिती आर्किमिडीज मात्र त्याची योग्यता जाणून होता. आपल्या गणिती शोधांचा एक महत्त्वाचा ग्रंथ त्याने सिराक्यूजहून एराटोस्थेनीसच्याच नावे लिहून पाठविला.

जगाचे वर्णन करावयाचे तर आरंभी एक मोठी अडचण होती. ती म्हणजे होमर. आपल्याकडे रामायण-महाभारताला जे स्थान आहे, तेच ग्रीकांकडे होमरच्या महाकाव्यांना होते. मुले त्यांतूनच वाचावयास शिकत. होमरच्या काव्यातील ओडिसिअस हा वीर समुद्रावर वर्षानुवर्षे भटकतो आणि नाना चमत्कारिक बेटांना जातो. हे अमुक बेट, ते तमुक बेट, असे पंडित मोठ्या अभिमानाने सांगत. एराटोस्थेनीसने स्पष्टपणे म्हटले की, कवी आनंद देण्यासाठी लिहितो, भूगोल शिकविण्यासाठी नव्हे. ओडिसिअसला वाऱ्यांच्या राजाने सारे वारे एका कातडी पिशवीत कोंडून दिले होते, अशी कथा आहे. ती पिशवी शिवणारा कारागीर ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी त्या बेटांचाही पत्ता लागेल, असा चिमटा त्याने काढला. हे ऐकून पुष्कळ लोक चिडले. दोनशे वर्षांनंतरही त्याला ह्याबद्दल बोल लावणारे विद्वान होते. पण त्याने आपले मत बदलले नाही. काव्याचा तो द्वेष्टा नव्हता. त्याने स्वतःही काव्ये रचली होती.

कवीचे न मानावे, तर मग मानावे कोणाचे? तो स्वतः तर दूरदेशी गेलेला नव्हता. येथे एका सावलीने त्याला साहाय्य केले.

इजिप्तच्या दक्षिण भागात नाईल नदीच्या काठी सिएनी नावाचे गाव होते. त्यालाच आज आस्वान म्हणतात. तेथे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, म्हणजे जून महिन्यातील उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येई. उभ्या काठीची सावली पडत नसे, आणि खोल विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचे. ह्यात आपणा महाराष्ट्रातील लोकांना नवल वाटण्याचे कारण नाही. आपला सारा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारी सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. दुसऱ्या खेपेस बहुधा आभाळ भरलेले असते, म्हणून मे महिन्यातील दिवस साधावा. अंगणात काठी सरळ उभी करून तुम्हीही हे पाहू शकाल.

परंतु त्याच दिवशी, त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात मात्र काठीची सावली पडत असे. असे का व्हावे? सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात, असे मानावयास हरकत नाही. मग एका गावी सावली आहे आणि दुसऱ्या गावी नाही, ह्याचा अर्थ असा की दोन्ही काठ्या एकाच दिशेने उभ्या नाहीत. पृथ्वीचा पृष्ठभाग त्यांच्यामध्ये वळलेला आहे. पृथ्वी गोल आहे, हे ग्रीक विद्वानांना त्यापूर्वीच पटलेले होते. ती केवढी आहे, हे मात्र कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते.

एराटोस्थेनीसने वाडग्यासारखे अर्धगोल यंत्र घेतले. त्याच्या मध्यभागी एक उभी सुई असे. अशा उभ्या सुईला किंवा काठीला आपले जुने ज्योतिषी शंकू म्हणत. त्या शंकूची सावली वाडग्याच्या वक्र अंगावर पडे. ती मोजली तेव्हा पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. आता अशी कल्पना करा की, सिएनीची काठी आणि अलेक्झांड्रियाची काठी जमिनीच्या आत लांबवीत लांबवीत पृथ्वीच्या केंद्रापर्यंत नेल्या आहेत. केंद्रापाशी त्यांच्यामध्ये जो कोन होईल, तो सावलीने दाखविलेल्या कोनाएवढाच असेल. समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी रेषा ह्यांचे नियम भूमितीत शिकलात म्हणजे हे तुम्हांला कागदावरही पडताळून पाहता येईल. सारांश, सिएनी ते अलेक्झांड्रिया हे अंतर पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग झाले.

हे अंतर ५,००० स्टेडिअन मानले जाई. धावण्याच्या शर्यतीची जी धाव, तिची लांबी म्हणजे एक स्टेडिअन. क्रीडांगणाला आपण स्टेडियम म्हणतो, तो शब्द ह्यापासूनच आला. ५,००० ला ५० ने गुणले, की पृथ्वीचा परिघ २,५०,००० स्टेडिअन येतो. पुढे हिशेबाला सोयीची म्हणून ही संख्या २,५२,००० करण्यात आली. तिला ६० ने पूर्ण भाग जातो.

उत्तर बरोबर होते काय? पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. स्टेडिअनची लांबी सर्वत्र एक नव्हती. विद्वान ती १५७ मीटरांपासून १८५ मीटरांपर्यंत निरनिराळी धरतात. पहिले माप घेतले तर २,५२,००० स्टेडिअनचे सुमारे ३९,६०० किलोमीटर होतात आणि दुसरे घेतले तर सुमारे ४६,६०० होतात. शिवाय सिएनी अगदी कर्कवृत्तावर नव्हते, किंचित उत्तरेला होते. ते अलेक्झांड्रियाच्या नीट दक्षिणेलाही नव्हते. तेव्हा उत्तर अचूक आले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण जिचा फार लहान भाग कोणी पाहिला होता, त्या पृथ्वीचे माप एका काठीने आणि एका गुणाकाराने घेता आले, ही गोष्ट तशीच उरते.

पृथ्वी एवढी मोठी, मग माणसांना ठाऊक असलेला प्रदेश तिच्यावर केवढा? हे सांगण्यासाठी त्याने तीन भागांचा ग्रंथ लिहिला. आज जगातील अनेक भाषांत भूगोलासाठी जो ‘जिऑग्रफी’ हा शब्द आहे, तो ह्या ग्रंथाच्या नावातून रूढ झाला. नकाशासाठी त्याने प्रथम दोन मोठ्या रेषा कल्पिल्या. एक पश्चिमेकडील जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपासून निघून ऱ्होड्स बेटावरून थेट भारताच्या उत्तरेकडील पर्वतापर्यंत जाई. दुसरी नाईलच्या काठाने सिएनी, अलेक्झांड्रिया, ऱ्होड्स असे करीत उत्तरेकडे जाई. नकाशावरील आडव्या-उभ्या रेषांचे जाळे तुम्ही पाहता, त्याचे हे पूर्वज होत.

मग प्रवाशांच्या साक्षी काढणे आले. भारताच्या बाबतीत त्याच्यापुढे मेगॅस्थेनीसचा ग्रंथ होता. हा ग्रीक वकील चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी पाटलिपुत्राला राहून गेला होता. शिवाय अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर पावले मोजीत चालणारे मोजणीदार असत, त्यांच्या नोंदी होत्या. एराटोस्थेनीसने लिहिले की, पाटलिपुत्रापर्यंतचा राजमार्ग मोजलेला आहे, त्याची लांबी १०,००० स्टेडिअन आहे, आणि ती भरवशाची आहे. त्यापुढे समुद्रापर्यंतचे सुमारे ६,००० स्टेडिअन मात्र अदमासाने धरले आहेत. मोजलेले कोठे संपते आणि अंदाज कोठे सुरू होतो, हे त्याने वाचकांपासून लपविले नाही. माझ्या मते त्याचा खरा थोरपणा येथे दिसतो.

ह्या साधनांतून त्याच्या नकाशावर भारत कसा उमटला? तिरप्या चौकोनासारखा! उत्तरेला हिमालय, पश्चिमेला सिंधू नदी, उरलेल्या दोन बाजूंना समुद्र. आणि दक्षिणेचे टोक खाली न उतरता आग्नेयेकडे वळलेले. सह्याद्री, गोदावरी, कोकणची बंदरे ह्यांना त्यात जागा नव्हती. दक्षिणेकडे जाऊन आलेला कोणी साक्षीदार त्याला मिळालेला नव्हता. पैठण आणि सोपारा ही नावे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी होऊन गेलेल्या टॉलेमी ह्या ज्योतिर्विदाच्या ग्रंथात दिसतात. वर सांगितलेल्या टॉलेमी राजांहून हा निराळा.

साक्षीदार निवडताना त्याची फसगतही झाली. कॅस्पियन समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे, असे इतिहासकार हिरोडोटसने दोनशे वर्षांपूर्वीच बरोबर लिहून ठेवले होते. पण पॅट्रोक्लीज नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने त्या समुद्रात प्रवास केला होता, आणि तो समुद्र उत्तरेकडील महासागराचा फाटा आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रत्यक्ष जाऊन आलेल्याचे मानावे, असा विचार एराटोस्थेनीसने केला आणि कॅस्पियनला उत्तरेकडे तोंड काढून दिले. जाऊन आलेला मनुष्यही चुकू शकतो.

उत्तरेकडील साक्षीदाराच्या बाबतीत नेमके उलट घडले. मार्सेलिस येथील पिथिअस हा धाडसी दर्यावर्दी ब्रिटनपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाऊन आला होता. ब्रिटनच्या उत्तरेस सहा दिवसांच्या वाटेवर थुली नावाची भूमी आहे, उन्हाळ्यात तेथे रात्र जवळजवळ होतच नाही आणि पुढे समुद्र गोठलेला आहे, असे तो सांगे. लोकांनी त्याला थापाड्या ठरविले. एराटोस्थेनीसने मात्र त्याचे म्हणणे पुष्कळसे मानले आणि मानवी वस्तीची उत्तर मर्यादा थुलीपर्यंत नेली. पृथ्वी गोल असेल तर उत्तरेकडे जावे तसतशी उन्हाळ्यातील रात्र लहान होत गेली पाहिजे, हे सावलीचे गणित जाणणाऱ्या माणसाला अशक्य वाटले नसावे.

त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. अटलांटिक महासागर इतका विशाल नसता, तर स्पेनहून पश्चिमेकडे जात जात भारताला पोचता आले असते. इ.स. १४९२ मध्ये कोलंबस त्याच वाटेने निघाला, तेव्हा त्याने पृथ्वीचे एक लहान माप खरे मानले होते. एराटोस्थेनीसचे माप मानले असते, तर ती वाट आपल्या जहाजांना झेपणारी नाही, हे त्याला निघण्यापूर्वीच दिसले असते.

दूरदेशांचा विचार करताना तेथील माणसांचा विचारही त्याने केला. जगात एक ग्रीक आणि बाकीचे सारे रानटी, असे ग्रीक लोक सर्रास मानीत. ग्रीकांशी मित्रासारखे आणि इतरांशी शत्रूसारखे वागावे, असा उपदेश अलेक्झांडरलाही काहींनी केला होता. एराटोस्थेनीसने आपल्या ग्रंथाच्या शेवटी हा उपदेश चुकीचा ठरविला. माणसांची विभागणी करावयाचीच तर सद्गुणी आणि दुर्गुणी अशी करावी. ग्रीकांतही वाईट माणसे पुष्कळ आहेत, आणि ज्यांना रानटी म्हणतात त्यांत भारतीयांसारखे सुसंस्कृत आणि रोमन व कार्थेजियन लोकांसारखे उत्तम राज्यव्यवस्था असलेले आहेत, असे त्याने लिहिले. त्याने एकही भारतीय कधी पाहिला असेल असे वाटत नाही.

वृद्धपणी त्याची दृष्टी अधू झाली. ज्याचे सारे जग गुंडाळ्यांतील अक्षरांत होते, त्याला ती अक्षरे दिसेनाशी झाली. केवढे हे दुःख! ऐंशी वर्षांच्या वयानंतर, इ.स.पू. १९४ च्या सुमारास, अलेक्झांड्रियात त्याचा अंत झाला.

त्याचा भूगोलाचा ग्रंथ पुढे नष्ट झाला, नकाशाही उरला नाही. मग आपणांस हे सारे कळते कसे? त्याच्यानंतर हिपार्कस ह्या ज्योतिर्विदाने त्याच्या चुका दाखविण्यासाठी एक ग्रंथ लिहिला. पुढे दोनशे वर्षांनी स्ट्रेबो ह्या भूगोलकाराने सतरा भागांचा मोठा ग्रंथ रचला, आणि त्यात पानोपानी एराटोस्थेनीसशी वाद घातला. होमरचा अनादर केला म्हणून तो रागावला, पिथिअससारख्या खोटारड्यावर विश्वास ठेवला म्हणून त्याने दोष दिला. परंतु दोष देण्यापूर्वी मूळ म्हणणे सांगावे लागते, आणि ते त्याने सविस्तर सांगितले. स्ट्रेबोचा ग्रंथ जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. आज एराटोस्थेनीसचा नकाशा पुन्हा काढू पाहणारे अभ्यासक त्याच्याच पानांतून एकेक रेषा वेचून घेतात. त्या नकाशाच्या उत्तर टोकाला, स्ट्रेबोला मुळीच मान्य नसलेली, ती थुलीही असते.